पोलिश छत्रीसैनिक-चिन्ह

पोलिश छत्रीसैनिक-चिन्ह : हवाई छत्रीच्या साहाय्याने विमानातून उडी घेण्याचे लष्करी शिक्षण पूर्ण केलेल्या पोलिश सैनिकास देण्यात येणारे धातूचे चिन्ह. पोलिश भाषेत त्यास ‘झ्नाक स्पादोख्रोनोव्ही’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पोलंडचे सरकार व सैन्य ब्रिटनमध्ये आश्रयास असताना, पोलिश सेनेचे सरसेनापती जनरल व्लादिस्लाव्ह सिकॉर्स्की यांनी २० जून १९४१ रोजी ते प्रस्थापित केले. भक्ष्यावर झेपावणारा गरुड, त्याने पुढे काढलेल्या नख्या आणि चिन्हाच्या मागील बाजूस कोरलेले ‘तोब्ये ओइचिझ्नो’ म्हणजे ‘हे मातृभूमी, तुझ्यासाठी’ हे अर्पणवचन, ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत. जगातील बहुतेक छत्रीसैनिक-चिन्हांत उघडलेली हवाई छत्री व पंख दिसतात. पोलिश चिन्हात छत्री नाही. हा फरक केवळ रेखाटनाचा नाही. छत्रीसैन्य कशासाठी उभारले जात आहे, याविषयीची त्या निर्वासित सेनेची धारणा त्यातून व्यक्त झाली आहे.

पार्श्वभूमी : छत्रीसैन्याची कल्पना दोन महायुद्धांमधील काळात मूर्त स्वरूपात आली. सोव्हिएट रशियात व्हरॉनेझजवळ २ ऑगस्ट १९३० रोजी बारा सैनिकांनी उड्या घेतल्या आणि तो दिवस पुढे रशियन छत्रीसैन्याचा स्थापना-दिन मानला जाऊ लागला. जर्मनीने १९३६ पासून आपले छत्रीसैन्य संघटित केले. पोलंडमध्ये या विषयाची गोडी प्रथम नागरी क्षेत्रात निर्माण झाली. हवाई संरक्षणाचा प्रसार करणाऱ्या संघटनेने अनेक शहरांत उडीचे मनोरे उभारले होते व तरुण मुले-मुली त्यांवरून उड्यांचा सराव करीत. काटोव्हित्से येथे १९३७ मध्ये उभारलेला मनोरा ५० मी. उंच होता. १९३९ च्या सप्टेंबरात शहरात शिरणाऱ्या जर्मन सैन्याला तेथील बालवीरांनी याच मनोऱ्यावरून प्रतिकार केला, अशी आख्यायिका रूढ आहे. पोलिश सेनेने छत्रीसैनिकांच्या शिक्षणाचे केंद्र बिद्गोश्च येथे १९३९ मध्ये सुरू केले. पण लगेच युद्ध सुरू झाल्याने ते काम तेथेच थांबले.

जर्मनीने १ सप्टेंबर १९३९ रोजी पश्चिमेकडून व सोव्हिएट रशियाने १७ सप्टेंबर रोजी पूर्वेकडून आक्रमण केल्यावर पोलंडची फाळणी झाली. पोलिश सरकार आधी फ्रान्समध्ये व फ्रान्सच्या पाडावानंतर जून १९४० मध्ये ब्रिटनमध्ये गेले. त्याच्याबरोबर आलेल्या सैनिकांना स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याच्या संरक्षणाचे काम देण्यात आले. अधिकारी अधिक व शिपाई कमी, अशी या सैन्याची स्थिती होती. कर्नल स्तानिस्लाव्ह सोसाबोव्हस्की यांच्या हाताखालील चौथी रायफल ब्रिगेड अशीच सांगाड्यापुरती होती. १९३९ मध्ये वॉर्सॉच्या संरक्षणात एका पायदळ रेजिमेंटचे नेतृत्व केलेल्या या अधिकाऱ्याने आपल्या ब्रिगेडचे छत्रीसैन्यात रूपांतर करण्याचे ठरविले. त्यामागील विचार सरळ होता. ब्रिटनमधून पोलंडला जाणारे सारे भूमार्ग व सागरी मार्ग जर्मनीच्या ताब्यात होते. मोकळा होता तो केवळ आकाशमार्ग. देशात मूळ धरत असलेल्या गुप्त सेनेने उठाव केला की छत्रीसैन्याने तिच्या साहाय्यास उतरावे, अशी ही योजना होती. ‘सर्वांत जवळच्या वाटेने’ हे ब्रिगेडचे घोषवाक्य याच अपेक्षेतून आले.

प्रशिक्षण : ब्रिटनमध्येही छत्रीसैन्य नवेच होते. पाच हजार छत्रीसैनिकांचे दल उभारावे, असा आदेश पंतप्रधान चर्चिल यांनी २२ जून १९४० रोजी दिला आणि त्यानुसार मँचेस्टरजवळील रिंगवे विमानतळावर प्रशिक्षणशाळा निघाली. पोलिश सैनिक उड्यांचे शिक्षण येथेच घेत. तथापि त्यापूर्वीची शारीरिक तयारी ते फाइफ परगण्यातील लार्गो येथे आपल्या पद्धतीने करून घेत. लार्गो हाउस या जुन्या वाड्याच्या आवारातील झाडांवर दोर, झोके, शिड्या व तराफे बांधून त्यांनी जी व्यायामशाळा तयार केली, तिला सैनिकांनी ‘माकडांचे बन’ असे नाव दिले होते. युद्धपूर्व पोलंडमधील अनुभवाच्या आधारे त्यांनी परिसरात उडीचा मनोराही उभारला. ब्रिटनमधील अशा प्रकारचा तो पहिलाच मनोरा होय.

रिंगवे येथील अभ्यासक्रमात आधी बांधलेल्या बलूनमधून व नंतर विमानातून उड्या घ्याव्या लागत. त्यासाठी वापरले जाणारे व्हिटली हे मूळचे बाँबफेकी विमान होते. त्याच्या तळाला पाडलेल्या गोल भोकातून सैनिकाला खाली निसटावे लागे व अंग किंचित पुढे झुकले तरी समोरच्या कडेवर तोंड आपटे. छत्री न उघडल्याने मृत्यू ओढवल्याचे प्रसंगही तेथे घडले. सोसाबोव्हस्की यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना हे शिक्षण पूर्ण केले. छत्रीसैनिक-चिन्ह हे शोभेचे लेणे न मानता स्वेच्छेने पत्करलेल्या धोक्याची खूण मानण्याची जी प्रथा सर्व देशांत आहे, तिचे मूळ या अनुभवात आहे. उडी घेण्याचा क्षण प्रत्येकाला एकट्यालाच ओलांडावा लागतो; तेथे अधिकारी व शिपाई हा भेद उरत नाही. म्हणूनच चिन्हही हुद्द्याचा विचार न करता सर्वांना एकाच आकाराचे व एकाच धातूचे दिले जाई.

निर्मिती व रचना : चिन्हाचा आराखडा मार्यान व्हालेंतिनोव्हिच (१८९६–१९६७) यांनी तयार केला. ते शिक्षणाने वास्तुशास्त्रज्ञ असले, तरी पोलंडमध्ये बालवाङ्‌मयाचे चित्रकार म्हणून घरोघरी ठाऊक होते. लेखक कोर्नेल माकुशिन्स्की यांच्यासमवेत त्यांनी १९३० नंतरच्या दशकात निर्माण केलेली ‘माताव्वेक’ या भोळ्या बोकडाची चित्रकथामाला पोलिश मुलांच्या अनेक पिढ्यांनी वाचली. मोजक्या रेषांत प्राण्याची हालचाल पकडण्याचे त्यांचे कौशल्य येथे वेगळ्या कामी आले. पुढे युद्धवार्ताहर म्हणून ते पोलंडच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनबरोबर पश्चिम यूरोपच्या रणभूमीवर होते.

चिन्ह पांढऱ्या धातूचे असून ते गणवेशाच्या डाव्या खिशाच्या वर, छातीवर लावले जाई. गरुड तिरपा, डोके खाली करून झेपावत आहे. त्याचे पंख वर व मागे गेलेले असून पाय पुढे ताणलेले व नख्या उघडलेल्या आहेत. शिकारी पक्षी आकाशातून कोसळताना शेवटच्या क्षणी शरीर आवरून पाय पुढे फेकतो. तोच क्षण येथे धरला आहे. भोवती वर्तुळ, ढाल, तारे यांसारखी कोणतीही चौकट नाही. गरुड मोकळा असल्यामुळे दुरूनही त्याची आकृती चटकन ओळखू येते. चिन्हाच्या मागील बाजूस अर्पणवचन व अनुक्रमांक कोरलेला असे. त्या क्रमांकाची नोंद ठेवली जाई व धारकाला तसे प्रमाणपत्र मिळे. काही चिन्हांवर एडिंबरो येथील कर्कवुड या जडजवाहीर बनविणाऱ्या पेढीची मुद्रा आढळते.

चिन्हाचे दोन प्रकार होते. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यास साधे चिन्ह मिळे. ज्याने शत्रूविरुद्ध प्रत्यक्ष कारवाईत उडी घेतली असेल, त्याच्या गरुडाच्या नख्यांत सोनेरी लॉरेल-पर्णांचे वलय असे. म्हणजे साध्या चिन्हातील गरुडाच्या नख्या रिकाम्या आहेत. त्या काहीतरी पकडण्यासाठी उघडल्या आहेत. लढाईतील उडीनंतरच त्यांत विजयाचे प्रतीक येते. कर्तव्याची दोन टप्प्यांतील ही मांडणी कोणत्याही स्पष्टीकरणाविना समजण्याजोगी आहे.

प्रतीकार्थ : पांढरा गरुड हे पोलंडचे राजचिन्ह फार प्राचीन आहे. लेख नावाच्या आद्य पुरुषाला गरुडाचे घरटे दिसले व तेथेच त्याने ग्न्येझ्नो हे नगर वसविले, अशी आख्यायिका आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२९५ मध्ये राज्याभिषेक झालेल्या प्शेमिस्लाव्ह दुसरा याच्या काळापासून मुकुटधारी पांढरा गरुड हे संपूर्ण राज्याचे चिन्ह ठरले. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी पोलंडचे राज्यच नकाशावरून पुसून टाकले, तेव्हाही १२३ वर्षांच्या पारतंत्र्यात राष्ट्राची ओळख टिकविण्याचे काम या गरुडाने केले. राजचिन्हातील गरुड समोरून दिसतो. त्याचे पंख दोन्ही बाजूंना समतोल पसरलेले असून तो स्थिर आहे. ती सत्तेची व स्थैर्याची मुद्रा होय. व्हालेंतिनोव्हिच यांनी त्याच पक्ष्याला ढालीतून बाहेर काढून आकाशात सोडले. ज्या राज्याची भूमीच परक्यांच्या हाती गेली आहे, त्याचा गरुड स्थिर बसलेला दाखविण्याऐवजी आपल्या भूमीवर परत झेपावताना दाखविला आहे, असा या चिन्हाचा अर्थ लावता येतो.

चिन्हात हवाई छत्री नसणे हेही अर्थपूर्ण आहे. छत्री हे सैनिकाला जमिनीवर पोहोचविण्याचे केवळ साधन होय. छत्रीखाली लोंबकळणारा सैनिक सुमारे १५० ते २०० मी. उंचीवरून सावकाश खाली येत असतो व त्या काळात तो जवळजवळ निराधार असतो. त्याचे खरे काम जमिनीला पाय लागल्यावर सुरू होते. झेपावणाऱ्या गरुडाने उतरणे व प्रहार करणे या दोन क्रिया एक केल्या आहेत. ब्रिगेडच्या गणवेशातून छत्री वगळलेली मात्र नव्हती. गळपट्टीवरील खुणेत ती होती. ब्रिटिश छत्रीसैनिकांच्या किरमिजी टोपीऐवजी पोलिश सैनिक करड्या रंगाची बेरे टोपी घालीत. अशा प्रकारे गळपट्टी सैनिकाचे दल सांगे व छातीवरील गरुड त्याचे ध्येय सांगे.

अर्पणवचनातील ‘ओइचिझ्ना’ हा शब्द ‘पिता’ या अर्थाच्या पोलिश शब्दापासून बनला असला, तरी तो स्त्रीलिंगी आहे. पितरांची भूमी व आईसारखी भूमी अशा दोन्ही छटा त्यात एकवटल्यामुळे मराठीत तो ‘मातृभूमी’ या शब्दानेच नीट उतरतो. हे वचन समोरच्या बाजूस नसून मागे आहे. गणवेशावर लावल्यावर ते कोणालाही दिसत नाही व सैनिकाच्या छातीला लागून राहते. समोरचा गरुड जगासाठी आणि मागचे शब्द धारकासाठी, असा हा विभाग आहे.

अन्य चिन्हांशी तुलना : छत्रीसैनिक-चिन्हांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात उघडलेली छत्री व तिला जोडलेले पंख असतात. ब्रिटिश चिन्ह या प्रकारचे असून ते कापडावर भरतकामाने केलेले असते व उजव्या बाहीवर लावले जाते. अमेरिकन चिन्ह १९४१ च्या मार्चमध्ये मान्य झाले. त्याचा आराखडा विल्यम यारबरो या छत्रीसैन्यातील अधिकाऱ्याने काढला. त्यातील पंख खालून वळून छत्रीच्या कडांना भिडतात व लढाईतील प्रत्येक उडीसाठी त्यावर लहान तारा लावला जातो. या प्रकारच्या चिन्हांचा भर कौशल्यावर आहे. वैमानिकाच्या पंखांशी त्यांचे नाते उघड आहे.

दुसऱ्या प्रकारात झेपावणारा पक्षी येतो. जर्मनीचे छत्रीसैनिक-चिन्ह ५ नोव्हेंबर १९३६ रोजी प्रस्थापित झाले. त्यात लॉरेल व ओक यांच्या पानांच्या वलयातून सोनेरी गरुड खाली झेपावतो व त्याच्या नख्यांत स्वस्तिक असते. पोलिश चिन्ह अस्तित्वात आले त्याच्या केवळ एक महिना आधी, २० मे १९४१ रोजी, हे चिन्ह धारण करणारे जर्मन सैनिक क्रीट बेटावर उतरले होते. दोन्ही चिन्हांतील प्रतिमा जवळची असली, तरी मांडणीत मूलभूत भेद आहे. जर्मन गरुड राजवटीचे चिन्ह वाहून नेतो आणि विजयाचे वलय त्याच्याभोवती आरंभापासूनच आहे. पोलिश गरुड काहीही वाहत नाही. वलय त्याला मिळवावे लागते. दोन्ही देशांच्या राजचिन्हांत गरुड असल्यामुळे ही प्रतिमा दोघांनाही स्वाभाविक होती. पण आक्रमणासाठी उभारलेल्या व आक्रमणाने निर्वासित झालेल्या अशा दोन सेनांनी तिला वेगवेगळा अर्थ दिला.

भारतीय छत्रीसैन्याची उभारणीही याच सुमारास, १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये, पन्नासाव्या छत्री ब्रिगेडच्या स्थापनेने झाली. भारतीय छत्रीसैनिकाचे चिन्ह पहिल्या प्रकारात मोडते. त्यात उघडलेली छत्री व दोन पंख असून ते छातीच्या उजव्या बाजूस लावले जाते. पॅराशूट रेजिमेंटच्या टोपीवरील चांदीच्या बिल्ल्यात याच आकृतीवर उभा खंजीर आहे. ब्रिटिश हवाई सैन्याच्या पेगॅसस या पंखधारी घोड्याची जागा स्वातंत्र्यानंतर ‘शत्रुजित’ या भारतीय नावाच्या प्रतीकाने घेतली. शत्रुजित राजा व दिव्य अश्वावर संचार करणारा त्याचा पुत्र कुवलयाश्व यांची कथा मार्कंडेय पुराणात आहे. मराठा रेजिमेंटमधून आलेल्या दुसऱ्या छत्री पलटणीने ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगला देशातील टांगाइल येथे उडी घेतली, तेव्हा हीच चिन्हे तिच्या सैनिकांच्या अंगावर होती. परकीय नमुना घेऊन त्याला स्वतःच्या परंपरेतील अर्थ देण्याची भारतीय रीत आणि राजचिन्हालाच गती देण्याची पोलिश रीत, या प्रतीकनिर्मितीच्या दोन वेगळ्या वाटा होत.

चिन्ह आणि युद्ध : चिन्ह प्रस्थापित झाल्यानंतर दोनच दिवसांनी जर्मनीने रशियावर आक्रमण केले व युद्धाचे स्वरूप पालटले. २३ सप्टेंबर १९४१ रोजी स्कॉटलंडमधील सरावाच्या वेळी सिकॉर्स्की यांनी सोसाबोव्हस्की यांच्या तुकडीला ‘पहिली स्वतंत्र छत्री ब्रिगेड’ असे नाव दिले. ‘स्वतंत्र’ या शब्दाला येथे विशेष अर्थ होता. ब्रिगेड केवळ पोलिश सरसेनापतीच्या अधीन राहील आणि तिचा उपयोग पोलंडमध्येच केला जाईल, असे ठरले होते. रशियाने आपल्या भूमीवर नेऊन ठेवलेल्या पोलिश लोकांपैकी पुष्कळजण १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले व त्यांतील काही सैनिक या ब्रिगेडला येऊन मिळाले. त्याच लोंढ्यातील सुमारे पाच हजार निर्वासितांना, मुख्यतः स्त्रिया व मुले यांना, कोल्हापूरजवळील वळीवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात आश्रय मिळाला. सैनिक स्कॉटलंडमध्ये आणि बायकामुले आफ्रिकेत वा भारतात, अशी त्या राष्ट्राची पांगापांग झाली होती. चिन्हावरील अर्पणवचन या परिस्थितीत वाचावे लागते.

हे चिन्ह मिळविणाऱ्यांत एक लहानसा गट सर्वांहून वेगळा होता. व्याप्त पोलंडमध्ये गुप्त सेनेच्या साहाय्यार्थ रात्रीच्या अंधारात उतरविलेल्या या सैनिकांना ‘चिखोचेम्नी’ म्हणजे ‘निःशब्द व अंधारातील’ असे म्हणतात. त्यांची पहिली उडी १५–१६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री झाली. तीत दोन सैनिक व एक दूत होते. वाट चुकल्याने ते नियोजित जागेऐवजी, जर्मनीने आपल्या राज्याला जोडून घेतलेल्या भागात देंबोव्हियेत्स येथे उतरले. तरीही त्यांनी आपले काम पार पाडले. डिसेंबर १९४४ पर्यंत असे एकूण ३१६ चिखोचेम्नी उतरले. त्यांत एल्झ्बियेता झावात्स्का ही एकच स्त्री होती. सोनेरी वलयावर त्यांचा हक्क निर्विवाद होता. पण ते नागरी कपड्यांत, खोटी नावे व कागदपत्रे घेऊन उतरत. म्हणून ज्या कामासाठी चिन्ह मिळाले, ते करताना ते अंगावर लावणे त्यांना शक्यच नव्हते. त्यांपैकी शंभरांहून अधिक जण मारले गेले.

ब्रिगेडची वाट मात्र तिच्या ध्येयापासून दूर गेली. उत्तर फ्रान्सवरील स्वारीच्या तयारीत ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना प्रत्येक छत्रीसैनिक हवा होता. त्यांच्या आग्रहामुळे पोलिश सरकारने १९४४ च्या उन्हाळ्यारंभी ब्रिगेड ब्रिटिशांच्या आधिपत्याखाली दिली. त्याच सुमारास, १५ जून १९४४ रोजी, वॉर्सॉतील स्त्रियांनी जर्मनांच्या नकळत भरतकाम करून पाठविलेला ध्वज ब्रिगेडला अर्पण करण्यात आला. १ ऑगस्ट रोजी वॉर्सॉत उठाव झाला. ज्या क्षणासाठी ब्रिगेड उभारली होती, तो क्षण आला होता. छत्रीसैन्य पाठविण्याची विनंती पोलिश नेत्यांनी केली. परंतु अंतर, विमानांची मर्यादा व रशियाचे असहकार्य यांमुळे एवढे मोठे दल तेथे उतरविणे अशक्य असल्याचे सांगून ब्रिटिशांनी ती अमान्य केली.

वॉर्सॉत लढाई चालू असतानाच सप्टेंबर १९४४ मध्ये ही ब्रिगेड हॉलंडमधील आर्नेमच्या मोहिमेवर गेली. धुक्यामुळे तिची उडी दोन दिवस लांबली. २१ सप्टेंबर रोजी हवामानामुळे काही विमाने परत फिरली व सुमारे एक हजार सैनिकच ऱ्हाईनच्या दक्षिण तीरावर ड्रील या गावाजवळ उतरले. उत्तर तीरावर वेढलेल्या ब्रिटिश डिव्हिजनपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांच्याजवळ नावा नव्हत्या. रात्री गोळीबारात रबरी होड्यांतून काही सैनिक पार गेले व उरलेल्यांनी ड्रील धरून ठेवले. २५–२६ सप्टेंबरच्या रात्री ब्रिटिश सैन्य माघारी आणण्यात आले. नंतर आठवड्याभरातच, २ ऑक्टोबर रोजी वॉर्सॉ पडले. ड्रील येथील उडीने ब्रिगेडच्या सैनिकांना सोनेरी वलय मिळवून दिले; पण ज्या भूमीला ते चिन्ह अर्पण केले होते, तिच्यापासून ती जागा शेकडो किलोमीटर दूर होती. मोहिमेच्या अपयशानंतर ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी सोसाबोव्हस्की यांच्यावर ठपका ठेवला व डिसेंबर १९४४ मध्ये त्यांना ब्रिगेडच्या नेतृत्वावरून दूर करण्यात आले. त्यांनी या योजनेतील उणिवा आधीच बोलून दाखविल्या होत्या, हे नंतरच्या इतिहासकारांनी स्पष्ट केले आहे.

युद्धोत्तर काळ : ब्रिगेड १९४७ मध्ये विसर्जित झाली. पोलंड सोव्हिएट प्रभावाखाली गेल्याने तिचे पुष्कळ सैनिक परत गेले नाहीत. सोसाबोव्हस्की यांनी लंडनमध्ये एका कारखान्यात कामगार म्हणून उर्वरित आयुष्य काढले. ते २५ सप्टेंबर १९६७ रोजी निवर्तले. चिन्हाचे रेखाटनकार व्हालेंतिनोव्हिच यांचेही निधन त्याच वर्षी झाले. जे परतले किंवा देशातच राहिले, त्यांच्यासाठी लंडनहून मिळालेले चिन्ह गौरवाऐवजी संशयाचे कारण ठरले. गुप्त सेनेचे अखेरचे सेनापती व स्वतः चिखोचेम्नी असलेले जनरल लेओपोल्द ओकुलित्स्की १९४६ मध्ये मॉस्कोच्या तुरुंगात मरण पावले. काही चिखोचेम्नींना पोलंडमधील नव्या राजवटीने देहान्त शिक्षा दिली. झावात्स्का यांना १९५१ ते १९५५ या काळात तुरुंगवास घडला. साम्यवादी पोलंडनेही १९५७ मध्ये छत्री डिव्हिजन उभारली. मात्र अर्पणवचन असलेल्या गरुडाची परंपरा अधिकृत रीत्या तिच्याकडे आली नाही. ती मुख्यतः परदेशांतील माजी सैनिकांच्या संघटनांनी जतन केली.

१९८९ च्या राजकीय परिवर्तनानंतर ही स्थिती पालटली. १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्रोम’ या विशेष दलाने चिखोचेम्नींचा वारसा अधिकृतपणे स्वीकारला. क्रेको येथील सहाव्या हवाई ब्रिगेडला सोसाबोव्हस्की यांचे नाव देण्यात आले. नेदर्लंड्सच्या राणी बेआट्रिक्स यांनी ३१ मे २००६ रोजी ब्रिगेडला लष्करी विल्यम सन्मान व सोसाबोव्हस्की यांना मरणोत्तर ‘ब्राँझ सिंह’ हे पदक प्रदान केले. झावात्स्का यांना त्याच वर्षी ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा मिळाला. पोलंडच्या संसदेने २०१६ हे वर्ष चिखोचेम्नींच्या स्मरणार्थ घोषित केले.

लष्करी चिन्हांच्या अभ्यासात हे चिन्ह महत्त्वाचे मानावे लागते, ते केवळ त्याच्या देखणेपणामुळे नव्हे. बहुतेक चिन्हे सैनिकाने काय केले ते सांगतात. हे चिन्ह त्याने काय करण्याचे वचन दिले आहे, ते सांगते. ब्रिगेडला ते वचन आपल्या भूमीवर उतरून पुरे करता आले नाही आणि ज्यांनी ते तेथे जाऊन पुरे केले, त्यांना चिन्ह लावून मिरविता आले नाही. मागील बाजूस कोरलेले दोन शब्द मात्र धारकाबरोबर राहिले आणि अर्धशतकानंतर स्वतंत्र पोलंडच्या सेनेने त्या परंपरेला आपली म्हणून मान्यता दिली.